कोणत्या पानावर अडले, तेही लिहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरातल्या एका लेखकाने स्वखर्चाने काढलेल्या थरार कादंबरीवरून आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेले काही आठवडे चांगलीच जुंपली आहे. एकाने लिहिले, 'हातातून सुटली नाही, रात्रीचे दोन वाजले.' दुसऱ्याने लिहिले, 'तीनशे ऐंशी रुपये पंचगंगेत सोडल्यासारखे झाले.' एका ताईंना शेवट फार लवकर कळला, तर एका काकांना तो शेवटपर्यंत कळलाच नाही. कादंबरीचे नाव आम्ही मुद्दाम घेत नाही. पुढे मजकुरातल्या एकदोन गोष्टी सांगाव्या लागणार आहेत. नाव नसले म्हणजे ज्यांनी अजून वाचलेली नाही त्यांचा विरस होणार नाही.

ही सगळी पत्रे आणि कादंबरीच्या निरनिराळ्या प्रती शेजारी ठेवून पाहिल्या, तर बाचाबाची आवडीनिवडीची कमी आणि प्रतीप्रतीची जास्त आहे. पुस्तक तीन रूपांत फिरते आहे. डिजिटल छपाईच्या पहिल्या तीनशे प्रती, त्यानंतर ऑफसेटवर काढलेल्या एक हजार, आणि ई-बुक. दोन्ही छापील खेपांत आतल्या पानावर 'पहिली आवृत्ती' एवढेच आहे. पांढऱ्या कागदाची ती डिजिटल आणि पिवळसर कागदाची ती ऑफसेट, एवढ्यावरूनच ओळखायचे. वाचक भांडतात एका पुस्तकावर, पण प्रत्येकाच्या हातात पुस्तक वेगळे आहे.

सगळ्यात मोठा गोंधळ पान ४१ वरच्या एका निनावी मेसेजचा आहे. 'बंधाऱ्यावर येतो. एकटा राहा.' पोलीस त्यावरून पुरुषाचा शोध घेतात. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला इथे लगेच खटकते, कारण आपल्याकडे घरातल्या आई, काकू, आज्जी सर्रास 'मी येतो', 'मी जातो', 'मी जेवलो' असेच बोलतात. मेसेज बाईनेही पाठवला असेल हा संशय इथल्या माणसाला पान ४१ वरच येतो, आणि कथेत तो खराच ठरतो. मुंबई-पुण्याच्या वाचकाला तो येत नाही. म्हणून उलगडा झाल्यावर तिकडचा वाचक 'फसवणूक केली' म्हणतो आणि इकडचा 'काय डोकं लावलंय भावा' म्हणतो. इथपर्यंत ठीक, दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत.

पण ई-बुक तयार करताना कुणीतरी मजकूर पुन्हा 'शुद्ध' केला. मेसेज पाठवणारी बाई आहे हे पुढे कळते, म्हणून मागे जाऊन 'येतो'चे 'येते' करून टाकले. मुद्रितशोधनाच्या, म्हणजे प्रूफ तपासण्याच्या, नियमाने ही दुरुस्ती अगदी बिनचूक आहे आणि कादंबरीच्या दृष्टीने तिने खून केला आहे. ई-बुकच्या वाचकाला त्याच प्रकरणात कळते की ही बाई आहे, आणि मग पोलीस शंभर पाने पुरुष शोधत फिरतात हे त्याला बावळटपणाचे वाटते. 'पोलीस मूर्ख दाखवलेत' ही तक्रार करणाऱ्या दोन्ही पत्रलेखकांनी पुस्तक मोबाइलवर वाचल्याचे त्यांनीच लिहिले आहे.

यावर उपाय जुनाच आहे. बोलीतले, जाणूनबुजून ठेवलेले 'चुकीचे' शब्द लेखकाने वेगळ्या कागदावर लिहून द्यायचे. पान, ओळ, शब्द आणि शेजारी 'असाच ठेवा'. मोठ्या प्रकाशन संस्थेत हे संपादक बघतो. स्वतः पुस्तक काढणाऱ्याकडे संपादक, मुद्रितशोधक आणि डीटीपी, म्हणजे संगणकावर पानांची मांडणी, करणारा बऱ्याचदा एकच माणूस असतो, किंवा तिघे असले तरी एकमेकांना कधी भेटलेले नसतात. कागद नसला तर कुणीतरी दुरुस्ती करणारच.

दुसरी तक्रार, 'कथा मध्येच तुटते, नायकाला सगळं आपोआप कळतं'. ही सगळी पत्रे पिवळसर कागदाच्या प्रतींची आहेत. पुस्तक २८८ पानांचे, म्हणजे १६ पानी १८ फर्मे. (फर्मा म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेली सोळा पाने.) पान ९७ ते ११२ हा सातवा फर्मा आणि ११३ ते १२८ हा आठवा. काही प्रतींत सातवा दोनदा आला आहे आणि आठवा गायब आहे. घडी घातलेले फर्मे क्रमाने एकावर एक उचलताना आठव्याच्या जागी सातव्याचा गठ्ठा ठेवला गेला की तो गठ्ठा संपेपर्यंत प्रत्येक प्रत तशीच बांधली जाते. हे टाळण्यासाठी प्रत्येक फर्म्याच्या घडीच्या पाठीवर एक काळी खूण छापायची असते, प्रत्येक फर्म्याला थोडी खाली सरकवून. सगळे फर्मे रचले की पाठीवर त्या खुणांचा जिना दिसतो. एक फर्मा दुबार आला की जिन्याची एक पायरी सपाट दिसते, नसला की पायरी तुटते. बांधणीवाला गठ्ठ्याच्या पाठीकडे नुसती नजर टाकून चूक पकडतो. या छपाईत ती खूण टाकलेलीच नाही.

आणि नेमका आठवा फर्मा गेला, हे लेखकाचे दुर्दैव. शवविच्छेदनाचा अहवाल त्यातच आहे. मृतदेह पाण्यात पालथा सापडतो, पण रक्त साकळल्याचे डाग पाठीवर असतात. माणूस मेल्यावर रक्त खालच्या बाजूला उतरते आणि साधारण आठ ते बारा तासांत ते डाग पक्के होतात. नंतर प्रेत उलटे केले तरी ते सरकत नाहीत. शिवाय वाहत्या पाण्यात प्रेत सारखे हलत राहते, त्यामुळे असे ठसठशीत डाग पडायला ते आधी कुठेतरी कोरड्या जागी, स्थिर, उताणे पडलेले असावे लागते. म्हणजे खून नदीवर झालाच नाही. कादंबरीतला हा सगळ्यात चोख भाग आहे, आणि ज्यांच्या प्रतीत तो नाही त्यांनीच 'तपासात तर्क नाही' असे लिहिले आहे. त्यांचे तरी काय चुकले?

आता लेखकाच्या खऱ्या चुकांकडे येऊ. पान १९३ वरचा पाठलाग मुंबईच्या एका वाचकाला 'सिनेमासारखा' वाटला. राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ४१ फुटांवर आहे आणि नायक बंधाऱ्यावरून बुलेट घालतो! पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे पावसाळ्यात इथल्या पोराबाळांनाही पाठ असते. बंधारा तर त्याच्या कितीतरी आधी, पावसाळा जरा लागला की, पाण्याखाली जातो. ४१ फुटांना तिथे बुलेट घालायची तर पाणबुडीच लागेल. हे प्रकरण शिवाजी पुलावर नेले असते तर एका ओळीचाही थरार कमी झाला नसता.

त्याच प्रकरणात खलनायक राधानगरी धरणावर जाऊन बटण दाबतो आणि दरवाजे उघडतो. राधानगरीचे ते सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला आले की आपोआप उघडतात आणि उतरले की आपोआप मिटतात, ही त्या धरणाची ख्याती आहे. एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक पाणी सुटते हे वर्षानुवर्षे आपल्याच दैनिकात छापून येते. (खरे तर इथे लेखकाने हातचे सोडले. कुणाच्या हुकुमाशिवाय उघडणारा दरवाजा म्हणजे कुणालाही मागेपुढे करता न येणारे घड्याळ. खुनाची वेळ ठरवायला याहून चांगला साक्षीदार कुठला?) या जागांवर कोल्हापूरकर हसले आणि बाहेरचे रंगून गेले, ते साहजिकच होते.

पोलिसी तपशिलाचेही तसेच. कोल्हापूरला पोलीस आयुक्तालय नाही. इथे पोलीस अधीक्षक असतात, परिक्षेत्राला विशेष पोलीस महानिरीक्षक असतात, आणि असा गुन्हा जुना राजवाडा किंवा करवीर ठाण्याबरोबर स्थानिक गुन्हे शाखा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडातली एलसीबी, बघते. कादंबरीतले 'कमिशनर साहेब' काढून टाकावेत. कथेचा काळ जुलै २०२४ आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यामुळे त्या महिन्यात घडलेल्या खुनाच्या एफआयआरमध्ये कलम ३०२ नव्हे, १०३ येईल. हवालदाराच्या तोंडी 'तीनशे दोन लागंल बघ' चालेल, कारण माणसे अजून तसेच बोलतात. पण पान ५६ वर एफआयआरचा मजकूर जसाच्या तसा म्हणून दिला आहे, तिथे नाही चालणार. आणखी एक. गावठी कट्टा सहसा एका वेळी एकच गोळी झाडतो. पान २४० वर त्यातून सलग चार गोळ्या सुटतात.

मात्र इथे वाचकांचेही चुकले आहे. 'कोल्हापूरला हायकोर्टाचे बेंच असताना आरोपीचा वकील मुंबईला कशाला जातो?' असे एका पत्रात विचारले होते. सर्किट बेंचचे कामकाज १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाले. २०२४ सालच्या वकिलाला मुंबईचीच गाडी पकडावी लागणार. रेल्वेचा विषय निघालाच आहे तर, 'आरोपी कोल्हापूरवरून पुढे रेल्वेने कोकणात का पळत नाही' या प्रश्नाचे उत्तर असे की आपले स्टेशन टर्मिनस आहे. रूळ इथेच संपतात. लेखकाने ते बरोबर वापरले आहे.

शुद्धलेखनाबद्दल जे लिहिले गेले त्यात 'लेखकाला मराठी येत नाही' असा सूर होता. तो अन्यायाचा आहे. पान ७२ वर 'गगनबावड्याच्या दर्यांत प्रेत फेकले' असे छापले आहे. गगनबावड्याला समुद्र आणला म्हणून त्यावर बरीच थट्टा झाली. मूळ शब्द अर्थातच 'दऱ्यांत'. मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो आणि नंतर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये येतो. त्या प्रवासात अर्धा र, तो आडवा कोयत्यासारखा, हमखास मोडतो आणि त्याचा रफार होतो. दुसर्या, नोकर्या, पायर्या, वार्यावर हे सगळे त्याच कारखान्यातले. इतका सारखा तऱ्हेवाईकपणा माणसाकडून होत नाही, तो यंत्राकडूनच होतो.

याची दुरुस्ती अर्ध्या दिवसाची आहे. रूपांतर झाल्यावर फाइलमध्ये 'र्य' शोधायचे आणि एकेक बघायचे. कार्य, सूर्य, धैर्य, आश्चर्य, पर्याय सोडून द्यायचे, उरलेले दुरुस्त करायचे. 'सगळे एकदम बदला' हे बटण इथे चुकूनही दाबायचे नाही, नाहीतर 'सूऱ्य' उगवतो. तसेच 'र्ह' शोधायचे; तऱ्हा, गुऱ्हाळ, कऱ्हाड त्यात सापडतात. गुऱ्हाळ आमच्या जिल्ह्यात चुकणे म्हणजे जरा जास्तच. त्यानंतर अवतरणचिन्हे, कारण तीही उलटीसुलटी होतात आणि संवाद कुणाचा ते कळत नाही. शेवटचे प्रूफ पानांची मांडणी पूर्ण झाल्यावर, पीडीएफच्या छापील प्रतीवर वाचायचे. पडद्यावर नाही. आणि ज्याने आधीची दोन प्रुफे वाचली त्याने तर नाहीच, कारण त्याचा डोळा आता चूक वाचत नाही, मनातला शब्द वाचतो. २८८ पाने म्हणजे सत्तर हजारांच्या आसपास शब्द. दिवसाला चाळीस पानांच्या वर गेले की ते शोधन राहत नाही, नुसते वाचन होते.

बांधणीची तक्रार फक्त ग्रंथालयांतून आली आहे, आणि ती शंभर टक्के खरी आहे. पाने सुटतात. परफेक्ट बाइंडिंगमध्ये फर्म्यांची पाठ खरवडून गरम गोंद लावतात. पाठ नीट खरवडली गेली नाही किंवा गोंद पुरेसा तापला नाही तर तो कागदाच्या धाग्यांत शिरत नाही, नुसता वर बसतो. कागदाची वीण, म्हणजे त्यातल्या धाग्यांची दिशा, पुस्तकाच्या पाठीला समांतर नसेल तर आपल्या पावसाळ्याच्या दमट हवेत पाने पाठीजवळच लाटेसारखी फुगतात आणि उरलासुरला गोंद सोडवतात. वीण बघायला यंत्र लागत नाही. कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला करा. तो ज्या दिशेने नळीसारखा वळतो, त्या नळीची लांबी ही विणीची दिशा. छपाईआधी डमी, म्हणजे बांधलेली नमुना प्रत, मागून घ्यावी, मधोमध सपाट उघडावी आणि एक पान धरून सरळ ओढावे. पान फाटले तर बांधणी चांगली, आख्खे हातात आले तर वाईट.

त्यात या पुस्तकाचा आतला समास, म्हणजे पाठीकडची कोरी जागा, जेमतेम १२ मिलिमीटर आहे. ग्रंथालय अशी प्रत पुठ्ठाबांधणीला देते तेव्हा बाहेरून टोचून मारलेली शिलाई त्यातले आठ-दहा मिलिमीटर खाते. मग प्रत्येक ओळीचे पहिले किंवा शेवटचे अक्षर शिवणीत जाते. तीनशे पानांच्या डेमी पुस्तकाला आतला समास २० मिलिमीटरच्या खाली नको. पाने वाढतील म्हणून समास कापला असणार. २० मिलिमीटर ठेवला असता तर एक-दोन फर्मे वाढले असते, बस्स. थरार कादंबरी ही एकदा वाचून कपाटात ठेवायची वस्तू नव्हे, ती ग्रंथालयात हातोहात फिरते. तिला फर्म्यांची धागा शिलाई असावी. ज्या गावात १८५० पासून करवीर नगर वाचन मंदिर उभे आहे आणि ज्या संस्थानाने १९४५ सालीच ग्रंथालयांचा कायदा केला, तिथल्या लेखकाने ग्रंथालयाचा वाचक गृहीत धरूनच पुस्तक बांधावे, एवढा हट्ट आम्ही धरू.

एका पत्रलेखकाने 'आयएसबीएन आहे म्हणजे कुणीतरी तपासलेच असेल' असे लिहिले होते. तसे काही नसते. तो क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो, स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही मिळतो, आणि त्यासाठी मजकूर कुणी वाचत नाही. नुसत्या पुनर्मुद्रणाला तोच क्रमांक चालतो. मजकुरात मोठे बदल करून नवी आवृत्ती काढली तर नवा घ्यावा लागतो, ई-बुकला वेगळा.

एवढे सगळे चाळून झाल्यावर खऱ्या अर्थाने आवडीनिवडीच्या म्हणाव्यात अशा दोनच तक्रारी उरतात. पहिली, पान १५० ते २१० रेंगाळते. ती आम्हालाही मान्य आहे. तीन चौकश्या लागोपाठ येतात आणि तिन्ही संपल्यावर तपास अधिकाऱ्याला जे आधी माहीत होते तेच माहीत असते. लेखकाने प्रत्येक प्रकरणासाठी एक चिठ्ठी करावी आणि 'या प्रकरणाच्या शेवटी कुणाला काय नवे कळले' एवढेच लिहावे. तीन चिठ्ठ्यांवर एकच वाक्य आले तर दोन प्रकरणे काढावीत. पाठलागाचे प्रकरण तेवढे मधे आहे, ते पुलावर नेऊन ठेवावे.

दुसरी, खुनी पान २६१ वर पहिल्यांदा दिसतो. त्याच्या आधी त्याचा उल्लेख दोनदा आहे, पण नाव न घेता, 'त्यांचे एक भाऊ परदेशात असतात' एवढाच. हे नियमात बसते की नाही यावर आमच्यातही एकमत नाही. एका बाजूचे म्हणणे, उल्लेख आहे म्हणजे खेळ सरळ आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, ज्याच्याशी वाचकाची एकदाही गाठ पडली नाही त्याच्यावर तो संशय कसा घेणार? त्याला पहिल्या शंभर पानांत एकदा घरी जेवायला आणा, तांबडा-पांढरा वाढा आणि मग लपवा. यावर वाचकांनी जरूर भांडावे. भांडण्यासारखे आहे ते हेच.

दुसऱ्या आवृत्तीची तयारी चालू असल्याचे लेखकानेच आपल्याकडे कळवले आहे, म्हणून दोन विनंत्या. लेखकाने आतल्या पानावर आवृत्ती, मुद्रण, महिना आणि 'दुरुस्त' हा शब्द छापावा, आणि विकून झालेल्या प्रतींसाठी एका पानाचे शुद्धिपत्र काढून ग्रंथालयांना पोचवावे. ई-बुकमधले 'येते' मात्र आधी, आजच, 'येतो' करावे. आपण, संपादक महोदय, या सदरात पत्र छापताना वाचकाकडची प्रत छापील की ई-बुक आणि तो अडला ते पान कोणते, एवढे विचारून घ्यावे. खुनी कोण हे सांगणारी ओळ मात्र कापावी. गेल्या आठवड्यात एक सुटली.

ज्यांच्याकडे पिवळसर कागदाची प्रत आहे त्यांनी पान ११२ उलटून बघावे. पुढे ११३ आले तर प्रत पूर्ण आहे. पुन्हा ९७ आले तर जिथून घेतली तिथे नेऊन बदलून मागावी. पावती नसली तरी मागावी. चूक पुस्तकातच दिसते, पावतीची गरज नाही. आणि ज्यांनी तशा प्रतीवरून आधीच मत लिहून पाठवले आहे त्यांनी ती सोळा पाने वाचून पुन्हा एकदा लिहावे.

आपले,
मुद्रितशोधन, छपाई आणि ग्रंथालयाच्या कामात असलेले काही वाचक,
कोल्हापूर